वेदनेची साक्ष

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपण सहज म्हणून जातो. या बोलण्यात कौतुक आहे, तशीच एक सोयही आहे. जे दुःख अटळ मानले, त्यावर इलाज शोधण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. ही सोय केवळ आपल्याच समाजाने करून घेतली असे नव्हे. पाश्चात्त्य वैद्यकाचा इतिहासही तेच सांगतो.

१८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने रुग्णाला ईथर हुंगवून भूल दिली आणि शस्त्रक्रिया वेदनेवाचून होऊ शकते, हे जगाने पाहिले. पुढच्याच जानेवारीत एडिंबरोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक जेम्स यंग सिम्प्सन यांनी तीच भूल एका अडलेल्या बाईला दिली, आणि नोव्हेंबरात त्यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. प्रसूतीतील भुलीने मात्र निराळाच वाद उठला. बायबलातील हव्वेचा शाप पुढे करण्यात आला. त्यावर सिम्प्सन यांनी पुस्तिका लिहून उत्तर दिले, की मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना नसून कष्ट असा आहे. शिवाय आदमची फासळी काढण्यापूर्वी खुद्द ईश्वरानेच त्याला गाढ झोप आणली होती!

तथापि अधिक चिवट विरोध वैद्यांकडूनच झाला. फिलाडेल्फियाचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांना वेणा ही निसर्गाची हितकर शक्ती वाटे. भुलीची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या किरकोळ शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्म देताच दगावली. परंतु हा धोका स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच होता. वेदनेचे गुणगान मात्र स्त्रीच्याच वाट्याला आले.

७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मावेळी राणी व्हिक्टोरियाने डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला. रुमालावर थोडा थोडा टाकून तो ५३ मिनिटे देण्यात आला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नापसंती दर्शविली. राणीने मात्र रोजनिशीत समाधान नोंदविले आणि १८५७ मध्ये पुन्हा तोच उपाय स्वीकारला. तिचे पाहून प्रतिष्ठित घराण्यांतील विरोध मावळू लागला.

राणीचा शब्द मानला गेला. पण जिच्या शब्दाला किंमतच नव्हती, तिचे काय? १८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतील मॉन्टगोमेरी येथे डॉ. मॅरियन सिम्स यांनी प्रसूतीत झालेल्या इजा दुरुस्त करण्यासाठी अनार्का, बेट्सी, लूसी आदी गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. एकट्या अनार्कावर त्या तीस वेळा झाल्या. भूल कोणालाही दिली नाही. ईथरचा शोध लागल्यानंतरही नाही. भुलीचा खटाटोप आणि धोका पत्करण्याइतकी ही शस्त्रक्रिया वेदनादायक नाही, असे सिम्स यांचे मत होते. त्या उपचाराने पुढे असंख्य स्त्रियांचे जिणे सुसह्य झाले, हे खरे. पण वेदना किती झाली, याचा निवाडा टेबलावर पडलेलीने नव्हे, तर सुरी धरणाऱ्याने केला.

ही मनोवृत्ती गुलामगिरीबरोबर संपली नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत असे आढळले, की हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषांना वेदनाशामक औषधे अधिक वेळा दिली जात, तर स्त्रियांना मन शांत करणारी! १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. ती १९९३ मध्ये मागे घेण्यात आली. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता; पण त्यामुळे अनेक औषधे स्त्रीदेहावर कशी चालतात, याचे ज्ञान मागे पडले.

आपण 'सोशीक' हे विशेषण घरातील स्त्रियांना मोठ्या आदराने लावतो. ज्या स्त्रीला आपण सोशीक म्हणतो, तिला दुखते कोठे, हे आपण कधी विचारले होते काय?