मंद धूमकेतूचा वेध (विटा परिसर)

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किंवा जेमतेम दिसणाऱ्या धूमकेतूचे रोजचे स्थान काढणे, तो कोणत्या वेळी किती उंचीवर असेल हे ठरवणे आणि त्याच्या तेजाची नोंद ठेवणे, असे या वेधाचे स्वरूप असते. अशा धूमकेतूला डोळ्यांना जाणवेल एवढी शेपटी बहुधा नसते. बायनॉक्युलरमध्ये तो कडा विरलेल्या, धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

विटा (जि. सांगली) सुमारे १७.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे येथे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १७ अंश वर असतो. धूमकेतूची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) आणि गावाचा अक्षांश यांतला फरक ९० मधून वजा केला, की तो जास्तीत जास्त किती उंच येईल ते कळते. उत्तर १७ अंश क्रांतीचा धूमकेतू थेट डोक्यावरून जातो. दक्षिण १७ अंश क्रांतीचा ५६ अंशांपर्यंत चढतो. ध्रुवाजवळचा मात्र विट्यातून पाहता नेहमी खालीच राहतो आणि क्षितिजालगतच्या धुळीत हरवतो. विट्याचा खानापूर तालुका पर्जन्यछायेत असला, तरी जून ते सप्टेंबर ढगांचेच दिवस. खरा हंगाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. गावातल्या दिव्यांपासून दूर, रेणावीच्या रेवणसिद्ध डोंगराच्या बाजूला किंवा पूर्वेकडे आटपाडीच्या दिशेने गेल्यास आकाश बरेच काळे मिळते. पश्चिमेला कराडकडच्या बाजूचा संधिप्रकाश आणि उजेड सायंकालीन धूमकेतूंना बाधक ठरतो.

या साऱ्याचा उत्तम नमुना म्हणजे सी/२०२२ ई३ (झेडटीएफ) हा धूमकेतू. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणात तो २ मार्च २०२२ रोजी सापडला. १२ जानेवारी २०२३ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ आला आणि १ फेब्रुवारीला पृथ्वीपासून ०.२८ खगोलीय एककांवर. त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका लहान तितके तेज जास्त) ५ च्या आसपास पोचली आणि वर्तमानपत्रांनी १ फेब्रुवारी हाच महत्त्वाचा दिवस ठरवला. विट्याच्या आकाशाने वेगळाच दिवस निवडला असता. जानेवारीअखेरीस धूमकेतू ध्रुवताऱ्याच्या बाजूला होता, म्हणजे येथून तीसेक अंशांहून वर येणे शक्य नव्हते, आणि चंद्रही वाढत होता. ५ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा. त्या सुमारास तो ब्रह्महृदय ताऱ्याजवळ चांगला उंच असूनही चांदण्यात बुडालेला. १० आणि ११ फेब्रुवारीला मात्र तो वृषभ राशीत मंगळाशेजारी आला. त्या दिवसांत मंगळ संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास जवळपास डोक्यावर असे, चंद्र उगवायला अजून वेळ होता आणि शोधायला मंगळासारखी ठळक खूण हाताशी होती. तोवर धूमकेतू पृथ्वीपासून दूर चालला होता, अंधुकही होत होता. तरीही येथील निरीक्षकाला हाच सर्वांत सोयीचा काळ. कमाल तेजाची तारीख आणि आपल्या गावाची सर्वोत्तम रात्र एकच असेल असे धरून चालू नये, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते. चंद्राचा हिशेब घरच्या कॅलेंडरवरही होतो: संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतोच, आणि पुढे प्रत्येक रात्री चंद्र सुमारे पाऊण तास ते तासभर उशिरा उगवतो.

धूमकेतूची कक्षा सहा मूलांकांनी निश्चित होते. त्यांवरून मायनर प्लॅनेट सेंटर आणि नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा रोजच्या स्थानांची सारणी देतात. सारणीतली वेळ जागतिक असते. तिथले शून्य तास म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. हे विसरले, तर वेगवान धूमकेतू नकाशावरच्या जागी सापडत नाही. झेडटीएफ पृथ्वीजवळ असताना दिवसाला सहा अंशांच्या वर सरकत होता, म्हणजे दोन तासांत पूर्णचंद्राच्या रुंदीएवढा.

सारणीतली प्रत जपून वाचावी. प्रचलित सूत्रानुसार सूर्यापासूनचे अंतर निम्मे झाले की तेज सोळापट, पृथ्वीपासूनचे निम्मे झाले की चौपट. पण धूमकेतूतला बर्फ हे सूत्र पाळेलच असे नाही. सी/२०१९ वाय४ (अ‍ॅटलास) एप्रिल २०२० मध्ये फुटला आणि मोठ्या अपेक्षा तिथेच संपल्या. शिवाय प्रत म्हणजे सगळ्या ठिपक्याचा एकत्रित प्रकाश. ९ प्रतीचा तारा एका बिंदूत असतो. तेवढाच प्रकाश धूमकेतूत पसरलेला असल्याने तो पुष्कळ अवघड जातो.

प्रत्यक्ष पाहताना अंधारात निदान वीस मिनिटे डोळे सरावू द्यावेत. मोबाइल खिशात ठेवावा. १०×५० बायनॉक्युलर तिवईवर बसवून जवळच्या ठळक ताऱ्यापासून पायरीपायरीने सरकावे. अपेक्षित जागी काहीच दिसले नाही, तर नजर किंचित बाजूला टाकावी आणि नळीला हलकी टिचकी द्यावी: हलणारा धूसर डाग डोळा चटकन पकडतो. छायाचित्रांतला हिरवा रंग डोळ्यांना सहसा दिसत नाही, राखाडीच दिसतो. डाग सापडला की भोवतीच्या चार-पाच ताऱ्यांसह कागदावर टिपून घ्यावा आणि तासा-दोन तासांनी पुन्हा पाहावे. जागेवरून हलला तर धूमकेतू. न हलणारा डाग बहुधा तारकागुच्छ, तेजोमेघ किंवा दीर्घिका असतो. धूमकेतूशोधक शार्ल मेस्येने अशा डागांची आपली प्रसिद्ध यादी हीच फसवणूक टाळण्यासाठी केली.

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. नोंदीत तारीख, वेळ, साधन, अंदाजे प्रत, शिखेचा (धुरकट ठिपक्याचा) व्यास आणि आकाशाची स्थिती एवढे असले, तर ती स्लोव्हेनियातून चालणाऱ्या ‘कोब्स’ या जागतिक नोंदसंग्रहाला देता येते. स्वच्छ आकाशात, योग्य जागी शोधूनही धूमकेतू दिसला नाही, तर तीही नोंद करावी: त्या रात्री तो अमुक प्रतीपेक्षा अंधुक होता, एवढे तिच्यावरून कळते.