माळकऱ्याचा रविवार

मटण न घालता मटणासारखा रस्सा कसा करायचा, हे आमच्या सिन्नर तालुक्यातल्या बायकांना माळकऱ्यांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, त्यांनी फक्त गळ्यात तुळशीची माळ घातली आणि बाकीचं सगळं बायकांवर सोडलं.

त्र्यंबकेश्वराला निवृत्तिनाथांची समाधी. तिथून निघालेली पालखी सिन्नरवरून नगरकडे आणि पुढे पंढरपूरला जाते. या वाटेवरच्या गावांत माळकरी भरपूर, आणि माळ घातली की मांस वर्ज्य. पण घरातला एक माणूस माळकरी झाला म्हणून सगळं घर होत नाही. माझे सासरे तात्या ऐन तरुणपणी माळकरी झाले, त्यांच्या धाकट्या भावाला मात्र वशाटाशिवाय रविवार गोड लागायचा नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, सांगायच्या, तात्यांचं मटण सुटलं, पण रविवार सुटला नाही. इतरांच्या ताटात झणझणीत लाल-काळा रस्सा आणि कर्त्या माणसापुढे वरण-भात, हे काही आत्याबाईंना बरं वाटेना. मग तात्यांच्या ताटात मासवडी आली.

मासवडी आत्याबाईंनी शोधली नाही. सिन्नर, अकोले, संगमनेर, जुन्नर, आंबेगाव या सलग पट्ट्यात ती कधीपासून होते हे सांगणारा कागद माझ्या पाहण्यात नाही, पण घरोघरीची रीत बघितली तर पदार्थ मुरलेला आहे. पाण्याला फोडणी देऊन त्यात बेसन सोडायचं आणि गुठळी होऊ न देता हाटत राहायचं, इतकं की पीठ कढईची कड सोडतं. ओल्या फडक्यावर ते गरम असतानाच तळहाताला पाणी लावून पसरायचं. वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, तळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर आणि काळा मसाला यांचं सारण. मग फडक्याच्याच आधाराने घडी घालून दाबायचं, मधोमध उंच आणि कडेला उतरती, माशासारखी. पीठ निवलं की पसरताना चिरतं आणि सैल राहिलं तर कापताना सारण बाहेर येतं. हे काम घाईचं नाही आणि एकटीचंही नाही. आमच्याकडे एकजण हाटायची, दुसरी थापायची.

पण खरं काम रस्स्याचं. कांदा आणि खोबऱ्याची वाटी सरळ निखाऱ्यात भाजायची, बाहेरून काळी होईपर्यंत. काळ्या मसाल्यात दगडफूल हवंच. मी पंचवीसेक वर्षं नाशकात खानावळ चालवते आणि माझं मत आता पक्कं आहे: ज्याला आपण मटणाचा वास म्हणतो, त्यातला निम्मा वास दगडफुलाचा आणि करपवलेल्या खोबऱ्याचा असतो. डोळे मिटून रस्सा हुंगायला दिला तर भले भले फसतात. म्हणूनच शहाण्या बायकांनी बोकडाची नक्कल केली नाही, रस्स्याची केली. मासवडीला वेळ नसेल तर पाटवडी थापून शंकरपाळ्यासारखी कापायची; तेवढीही सवड नसेल तर उकळत्या रस्स्यात भिजवलेल्या बेसनाचे गोळे सोडायचे, ते डुबुकवडे. वडी कोणतीही असो, रस्सा तोच.

हा रस्सा आपण समजतो तितका पुराणा मात्र नाही. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात या देशात आली. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याआधीचा तिखटपणा मिऱ्याचा. कडधान्यं मात्र फार जुनी. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची जी वस्ती उकरून काढली, तिथे मसूर, हुलगा असे दाणे सापडले, आणि जनावरांची खाल्लेली हाडंही. म्हणजे दोन्ही एकाच चुलीवर शिजत होतं. आज थंडीत आपण हुलग्याची शेंगोळी करतो तेव्हा तोच दाणा शिजवतो. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये बाजरी हे जिल्ह्याचं मुख्य धान्य म्हणून येतं. बाजरीच्या भाकरीला काहीतरी पातळ लागतंच, ती कोरडी उतरत नाही. रस्सा इथे का रुजला, याचं अर्धं उत्तर त्या भाकरीत आहे.

आता दुधाकडे येते, कारण हल्लीची मुलं तेच विचारतात. माझ्याकडे जेवणारी कॉलेजची दोन-तीन पोरं व्हीगन आहेत, म्हणजे मांसच काय, दूधही न घेणारी. त्यांना मासवडी डोळे झाकून वाढते, मिसळही वाढते. मटकी, फरसाण, कांदा, लिंबू यांत दुधाचा थेंब नाही, फक्त दह्याची वाटी बाजूला ठेवायची. पण ‘काकू, ताकाऐवजी काय?’ असं विचारलं की मी थांबते. मांसाऐवजी आपल्याकडे चार पदार्थ आहेत. दुधाऐवजी एकही धड नाही. असं का?

कारण दूध कुणी सोडलंच नाही. माळकऱ्याने मांस सोडलं म्हणून मासवडी घरोघरी मानाने रांधली गेली. एकादशीला डाळ चालत नाही म्हणून दाण्याची आमटी झाली. भगरीवर ती ओतली की साय घातल्यासारखी दाट लागते, पण ती आली डाळीच्या जागी, दुधाच्या नव्हे. दूध, तूप उपासाला चालतं, नैवेद्याला लागतं. जे पवित्रच आहे त्याच्या बदल्यात दुसरं शोधायला कुणाचं काय अडलं होतं? पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी घरांत नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी एवढ्यावर जेवण होतं. त्यात दूध नाही, पण ते दुधाऐवजीही नाही. खुरासणीची चटणी स्वतःच्या जिवावर ताटात बसते.

दूध सोडायचा हट्ट ज्याने धरला त्या माणसाचा नाशिकशी एक लहानसा संबंध आहे. 1891 साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले, तेव्हा समुद्र ओलांडल्याबद्दल जात रुसली होती. थोरल्या भावाने त्यांना राजकोटला नेण्याआधी नाशिकला आणून गोदावरीत स्नान घातलं. लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीच्या कार्यकारिणीत बसून आलेला हा तरुण. पुढे 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आपले सहकारी कॅलनबाख यांच्यासोबत दूध सोडलं. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यातल्या धावपळीत शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू हाच त्यांचा मुख्य आहार होता. मग आमांशाने अंथरुणाला खिळले, आणि जानेवारी 1919 मध्ये मुंबईत डॉ. दलालांनी दूध घ्याच म्हटल्यावर, कस्तुरबांनी सुचवल्यावरून शेळीचं दूध घेतलं. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, ही पळवाट; ती त्यांना आयुष्यभर टोचत राहिली. दुधाची जागा घेईल अशी वनस्पती ते नंतरही शोधत होते. 1935 मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन शिजवून बघितलं. बडोदा संस्थानातून 1936 साली एफ. एस. काळे यांचं सोयाबीनवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, पाककृतींसकट. इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन यांनी 1944 मध्ये व्हीगन सोसायटी काढली ती यानंतर. गांधींचं अडलं ते निश्चयापाशी नाही. त्यांच्यामागे आत्याबाईंसारखं, एकाच पदार्थावर पिढ्यान्‌पिढ्या हात फिरलेलं स्वयंपाकघर नव्हतं, असं मला वाटतं.

आमच्याकडे आज निफाड, येवला, सिन्नरच्या शेतांत सोयाबीन डोलतं आणि बहुतेक सगळं तेलाच्या गिरणीत जातं. किराणा दुकानातल्या सोयाच्या वड्या मी वापरते, पण गरम पाण्यात उकळून, दोनदा पिळून, मगच रस्स्यात. नाहीतर भुशाचा वास जात नाही. पोरांसाठी शेंगदाण्याचं दहीही लावते. दाणे रात्रभर भिजवून साल काढायची, वाटून गाळायचं, उकळी आणून कोमट करायचं आणि हिरव्या मिरचीचे देठ घालून झाकून ठेवायचं. लागतं. कढीला उत्तम, काकडीच्या कोशिंबिरीला चालतं, भाताबरोबर नुसतं खायला नाही. बाजारातलं बदामाचं दूध चहात फाटतं आणि खिशालाही परवडत नाही, म्हणून त्या वाटेला मी जात नाही.

तेव्हा पुणे-नाशिक रस्त्याने आलात तर नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर या टापूत ‘मासवडी’ची पाटी दिसेल तिथे थांबा. भाकरीवर तूप नको आणि ताक नको हे आधीच सांगा, नाहीतर पाहुण्याला न विचारता वाढतात. आणि घरी हाटणारी, थापणारी म्हातारी असेल तर तिच्या शेजारी उभं राहून प्रमाण लिहून घ्या. आत्याबाईंचं प्रमाण मी लिहून घेतलंय: अर्धा किलो बेसनाला पाव किलो सुकं खोबरं, तेवढेच तीळ, आणि लसूण मोजायचा नाही.