खोटी तार आणि विणकराचा रोज

पैठणीवर बोलणारे बहुधा पदरापासून सुरुवात करतात. मोर, कमळ, नारळी काठ यांची वर्णने होतात, मग सातवाहनांचे नाव निघते आणि श्रोते समाधानाने घरी जातात. आम्हाला आज त्या पदराच्या मागे जावयाचे आहे. ज्या तारेवर तो पदर उभा असतो ती तार कोणी ओढली, ती खरी की खोटी हे कोणी पाहिले, आणि खोटी निघाली तेव्हा नुकसान कोणाच्या माथी बसले, एवढाच आमचा विषय आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या तक्रारी ऐकण्यात गेले. इतिहासही आम्ही त्याच कानांनी वाचतो.

प्रथम एक गैरसमज बाजूला ठेवू. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणचा उल्लेख आहे, तेव्हा पैठणीचाही असलाच पाहिजे, असे पुष्कळ जण धरून चालतात. तो ग्रंथ सांगतो ते निराळेच आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवरील पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड मोठ्या प्रमाणात भडोचला जात, आणि कापड जाई ते तगर, म्हणजे आजचे तेर, येथून. पैठणची थोरवी याने कमी होत नाही. फक्त जरीच्या लुगड्याचा धागा थेट शालिवाहनापर्यंत ओढू नये, तो मध्येच तुटतो.

आता जरीकडे येऊ. खरी जर म्हणजे सोन्याची तार असे आपण समजतो, पण तिचे पोट चांदीचे असते. चांदीचा पासा घेऊन त्यावर सोन्याचा पातळ पत्रा बसवीत, तो तापवून घट्ट करीत, आणि मग जंतरातून ओढीत. जंतर म्हणजे बारीक होत जाणाऱ्या भोकांची पोलादी पट्टी. एका भोकातून ओढून झाली की तार पुढच्या, त्याहून बारीक भोकात घालावयाची. ती केसासारखी होईपर्यंत हे चाले. नवल असे की चांदी कितीही लांबली तरी सोने तिच्या अंगावरून सुटत नाही. दोन्ही धातू मऊ, दोन्ही बरोबरीने ताणले जातात. पुढे ही तार चेपून चपटी करीत, तिला बादला म्हणत. हा बादला रेशमाच्या धाग्याभोवती फेऱ्याला फेरा भिडवून गुंडाळला की कलाबतू तयार झाली. तार ओढणारा तारकस निराळा, चेपणारा निराळा, गुंडाळणारा निराळा. विणकराच्या हाती जर येई तेव्हा तिच्यावरून तीन-चार घरांची बोटे फिरलेली असत. ह्यांपैकी कोणी फेऱ्यांत अंतर ठेवले, कोणी सोने कमी घातले, तरी ते उमगावयाचे मात्र मागावर.

लबाडी आजची नव्हे. कौटिलीय अर्थशास्त्रात सोनारांच्या चोरीच्या पाच युक्त्या नावानिशी दिल्या आहेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. त्यांतील पेटक म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचे आवरण चढवून ते सोने म्हणून देणे. कौटिल्याची नजर तीक्ष्ण होती यात शंका नाही. पण त्याच ग्रंथात विणकरासंबंधी जे आहे ते वाचून आम्ही थबकलो. दहा पल सूत दिले तर खळीमुळे वजन वाढून विणकराने अकरा पल कापड परत करावे, आणि ही वाढ कमी पडली तर तुटीच्या दुप्पट दंड द्यावा, असा तेथे नियम आहे. सूत बदलले तर किमतीच्या दुप्पट दंड. चोरी करणाऱ्या विणकराला धाक हवा, हे खरे. परंतु देणाऱ्यानेच वाईट सूत दिले तर काय करावे, याविषयी ते प्रकरण मूक आहे. हे मौन पुढे फार दीर्घकाळ टिकले.

मोगलांच्या आणि निजामांच्या अमदानीत आमच्या शहराचे व पैठणचे नाव भरजरी कापडासाठी झाले. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसविली, औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले, आणि दरबाराच्या आश्रयाने कारागीर येथे राहिले. दरबार हा गिऱ्हाईक म्हणून लहरी खरा, पण त्याला खऱ्या-खोट्याची पारख होती आणि पैशाची कमतरता नव्हती. एकोणिसाव्या शतकात दोन्ही गोष्टी पालटल्या. फ्रान्स आणि जर्मनीतून यंत्रावर तयार झालेली नकली जर मुंबई बंदरात उतरू लागली. ती तांब्याच्या तारेवर वरवर मुलामा दिलेली, दिसायला लखलखीत, किमतीने स्वस्त. तारकसांची घरे मोडू लागली. पुढे टॅरिफ बोर्डाने या धंद्याची चौकशी केली आणि १९३१ साली कायदा होऊन परदेशी जरीवर संरक्षक जकात बसली. या जकातीचा लाभ मुख्यतः सुरतेला झाला, कारण वीज व यंत्रे तेथे होती. पैठणच्या तारकसाला तो मिळेपर्यंत उशीर झाला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादचे संस्थान भारतात आले आणि दरबारी गिऱ्हाईक कायमचे गेले.

येथे थोडे आडवळण घेतो. विलायतेत मासे धरण्याचा एक षोक आहे. गळाभोवती पिसे, रेशीम आणि चपटी तार गुंडाळून खोटी माशी बांधतात. ट्राउट वा सामन मासा तिला खरी समजून फसतो. ही तार पूर्वी फ्रान्समधील ल्यों शहरातून येई, आणि ती आपल्या बादल्याची सख्खी बहीण होय. चांदीची तार काळी पडते, सैल गुंडाळली तर माशाच्या दाताने उलगडते, म्हणून तेथील माशी बांधणारेही वाईट तारेला शिव्या देतात. आता ते बहुधा प्लास्टिकची चकचकीत पट्टी वापरतात. ती काळी पडत नाही, स्वस्तही आहे, आणि डबीवर ती प्लास्टिकची म्हणूनच विकली जाते. आमचा वाद प्लास्टिकशी नाहीच. गरीब घरच्या मुलीला लग्नात झगमगीत लुगडे हवे असेल तर तिने ते अवश्य नेसावे. वाद आहे तो दुसऱ्याचे नाव घेऊन विकण्याशी.

आज बाजारात तीन जाती आहेत. खरी जर चांदीची. मधली तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली. आणि तिसरी धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरची. ओळखण्याची रीत म्हाताऱ्या बायकांना ठाऊक होती. जर घासली असता आत पांढरी चांदी दिसावी, आणखी उलगडली तर रेशीम लागावे. तांबूस रंग डोकावला की तांबे समजावे. ज्योतीजवळ धरल्यावर आकसून गोळी झाली तर प्लास्टिक. पण ही परीक्षा गिऱ्हाइकाची झाली. विणकराची परीक्षा निराळी आहे. पैठणीच्या पदरात जरीच्या बाण्यावर रंगीत रेशमाचे नक्षीकाम हाताने, लहान लहान तिल्यांनी भरतात. एका लुगड्याला कित्येक आठवडे, भारी नक्षी असेल तर कित्येक महिने लागतात. तेथे जर निकृष्ट असेल तर बादला धाग्यावरून सरकतो, आतला धागा उघडा पडतो, धोट्यात गुंता होतो. तुटलेले टोक शोधावे, जोडावे, विणलेले चार बोटे उसवावे. या वेळेचा हिशेब कोठेही लिहिला जात नाही, कारण मजुरी नगावर ठरलेली असते.

आमच्या ओळखीच्या एका विणकर बाईंची हकीकत आहे. रेशीम आणि जर दोन्ही व्यापाऱ्याने दिलेली. अर्धा पदर झाल्यावर जर सुटू लागली. त्यांनी रीळ परत नेऊन दाखविले, तर उत्तर मिळाले, “हात जड आहे तुमचा, ताई.” लुगडे पुरे झाले, डागी ठरले, मजुरी कापली गेली, आणि तेच लुगडे पुढे दुकानात विकलेही गेले.

चिकलठाण्याच्या वा वाळूजच्या कारखान्यात असे झाले असते तर आम्ही कायदा काढून दाखविला असता. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात स्पष्ट लिहिले होते की, मालाच्या नुकसानीबद्दल कपात करावयाची तर ते नुकसान कामगाराच्याच निष्काळजीपणामुळे झालेले असले पाहिजे, आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व घेतले आहे. पैठणचा विणकर मात्र घरी बसून नगावर काम करतो. हजेरीपट नाही, नेमणुकीचे पत्र नाही. मग तो कामगार आहे हेच आधी सिद्ध करावे लागते.

कायद्यांनी या धंद्याकडे पाहिलेच नाही असे नव्हे. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारच्या साड्या हातमागासाठी राखून ठेवल्या, आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. तरीही यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ राजरोस खपते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या प्रयत्नाने २००४ साली ‘सिल्क मार्क’ आला. तो रेशीम खरे असल्याची ग्वाही देतो. जरीबद्दल तो काही बोलत नाही. सोन्याच्या दागिन्याला २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला, पण ज्या लुगड्याची किंमतच जरीवर चढते त्या जरीला तसा छाप नाही.

खऱ्या जरीचे दैवही विचित्र आहे. चांदीचा भाव चढला की जुनी लुगडी जाळून त्यांतील चांदी काढतात. खोट्या जरीच्या लुगड्याला कोणी भट्टीत घालत नाही. ते ट्रंकेत सुखाने पडून राहते. म्हणून आजीची पैठणी घरात नाही याचे दुःख करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, ती बहुधा खरी असल्यामुळेच गेली. २०२५ साली चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली. भट्ट्या थंड राहिल्या असतील असे आम्हाला वाटत नाही.

कांचीपुरमला तमिळनाडू सरकारने १९७१ साली जर तयार करण्यासाठी स्वतःची कंपनी काढली. ती विणकरांच्या सहकारी संस्थांना चांदी-सोन्याचे ठरलेले प्रमाण असलेली जर पुरविते. तेथेही तक्रारी असतील, सरकारी काम म्हटले की त्या असावयाच्याच. परंतु तक्रार करावयाला एक दार आहे, आणि रिळातील प्रमाण आधी ठरलेले आहे. पैठणला आम्ही विणकरांच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी एवढेच विचारले, “ते रीळ इथवर यायला किती दिवस लागतात?” पुढच्या बैठकीत हाच प्रश्न पहिला घेतला आहे.