डेटाबेसच्या प्रात्यक्षिकातील जोडणी: छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना 23 ऑगस्ट 1958 रोजी झाली आणि 1960 मध्ये छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अनिवार्य असलेला डेटाबेस हा विषय त्याच्या आजच्या रूपात अस्तित्वातच नव्हता. परस्परसंबद्ध तक्त्यांत माहिती साठवण्याची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडली, 1974 मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची, पुढे एसक्यूएल या नावाने रूढ झालेली भाषा सादर केली आणि 1979 मध्ये तिच्यावर आधारलेली ओरॅकल ही प्रणाली बाजारात आली.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हा विषय रुजला तो आधी डीबेस आणि फॉक्सप्रो या डेटाबेस प्रणालींद्वारे, आणि तेथे माहितीची फाइल बहुधा विद्यार्थ्यासमोरच्या संगणकात किंवा त्याच्या फ्लॉपीवरच असल्याने जोडणीचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. ओरॅकलने हे चित्र बदलले, कारण माहिती सर्व्हर या एका यंत्रावर राहू लागली आणि विद्यार्थी दुसऱ्या यंत्रावरून, ज्याला क्लायंट म्हणतात, तिची मागणी करू लागला. एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या क्लायंट प्रोग्रॅमच्या खिडकीत त्याला युजरनेम, पासवर्ड आणि होस्ट स्ट्रिंग हे तीन रकाने भरावे लागत, ज्यांपैकी होस्ट स्ट्रिंग हे सर्व्हरचा पत्ता व पोर्ट, म्हणजे ज्या क्रमांकावर तो मागणी ऐकतो तो क्रमांक (ओरॅकलसाठी सहसा 1521), यांना दिलेले टोपणनाव असे. पुष्कळांचा पहिला प्रवेश स्कॉट या तयार खात्यातून आणि टायगर या पासवर्डने होई. त्यामुळे त्या खात्यातील नमुना तक्त्यांमधली न्यूयॉर्क, डॅलस, शिकागो आणि बोस्टन येथील चार विभाग व त्यांतील चौदा कर्मचारी यांची यादी मराठवाड्यातील मुलांनाही तोंडपाठ झाली.

या काळाचा खरा शिक्षक मात्र भारनियमन होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये. क्लायंटची वीज गेली की त्याचे सत्र तुटे, आणि कमिट या आज्ञेने पक्के न केलेले सर्व बदल सर्व्हर मागे घेई. मात्र कमिट झालेली नोंद, सर्व्हरचीही वीज गेली तरी, त्याने आधीच लिहून ठेवलेल्या लॉगमधून परत उभी राही. व्यवहार म्हणजे पूर्ण घडलेले किंवा मुळीच न घडलेले काम, ही पुस्तकी व्याख्या प्रात्यक्षिकांचे अर्धवट जर्नल घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला अशी प्रत्यक्ष कळे.

पुढे मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली विनामूल्य मिळू लागले, लॅपटॉप आले आणि सर्व्हर व क्लायंट पुन्हा एकाच यंत्रात आले. ही सोय मोठी होती, पण सर्वाधिकारी रूट खात्यातूनच सारे काम करण्याची सवय लागल्याने, कोणाला काय पाहण्याची परवानगी द्यावी, हा विषयाचा गाभा प्रात्यक्षिकातून निसटला. 2020 च्या टाळेबंदीत दूरच्या सर्व्हरशी घरून जोडणे अनेकांना भाग पडले, तेव्हा जोडणी आणि परवानगी हे दोन्ही प्रश्न परत समोर आले: जोडणी नाकारली गेली तर बहुधा त्या पोर्टवर कोणी ऐकत नसते, उत्तराविना वेळ संपली तर अनेकदा वाटेतील फायरवॉलने मागणी अडवलेली असते, आणि प्रवेश नाकारला असा संदेश आला तर सर्व्हर गाठलेला असतो, फक्त खात्याचे नाव, पासवर्ड किंवा त्या यंत्रावरून येण्याची परवानगी यांपैकी काहीतरी जुळत नसते.