मेटाबो कायदा
लठ्ठपणा आणि त्यातून उद्भवणारे मधुमेह, हृदयविकार आदी आजार रोखण्यासाठी जपानने एप्रिल २००८ पासून राबवलेल्या आरोग्य तपासणी योजनेचे लोकप्रचलित नाव. ४० ते ७४ वर्षे वयाच्या विमाधारकांची तपासणी करणे आरोग्य विमासंस्थांवर बंधनकारक आहे. उभ्या व्यक्तीच्या पोटाचा घेर बेंबीच्या पातळीवर फितीने मोजतात. मर्यादा पुरुषांसाठी ८५ सेंमी., स्त्रियांसाठी ९० सेंमी. घेर जास्त असून रक्तदाब, रक्तशर्करा किंवा रक्तातील मेदही वाढलेला आढळल्यास आहार व व्यायामाबाबत मार्गदर्शन केले जाते. व्यक्तीला दंड होत नाही. उद्दिष्टात मागे पडणाऱ्या विमासंस्थांना मात्र वृद्धांच्या वैद्यकीय खर्चासाठी जादा अंशदान द्यावे लागू शकते. स्त्रियांची मर्यादा पुरुषांहून अधिक ठेवण्यावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत.