लॅपटॉपवर वितरित संगणन : उष्णतेचे गणित

घरातील संगणक चालू असतानाही बहुतेक वेळ जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. पत्र टंकताना किंवा बातम्या वाचताना त्याच्या प्रोसेसरच्या शक्तीचा अगदी थोडा अंश खर्ची पडतो. ही उरलेली शक्ती संशोधनकार्यासाठी वापरावी, या विचारातून ‘वितरित संगणन’ ही पद्धत रुजली. एखाद्या प्रचंड गणिताचे लहान लहान तुकडे करायचे, इंटरनेटच्या माध्यमातून ते जगभरातील स्वयंसेवकांच्या संगणकांकडे पाठवायचे आणि आलेली उत्तरे एकत्र जुळवायची, असे तिचे स्वरूप आहे.

प्रचंड मोठ्या अविभाज्य संख्यांचा शोध घेणारा ‘गिम्प्स’ हा उपक्रम १९९६ साली सुरू झाला. त्यातून ऑक्टोबर २०२४ मध्ये तब्बल ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकी अविभाज्य संख्या हाती लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी मे १९९९ मध्ये परग्रहावरील संदेशांचा वेध घेणारा ‘सेटी अ‍ॅट होम’ सुरू केला. मार्च २०२० अखेर त्याचे कामवाटप थांबले. मात्र त्याच विद्यापीठात घडलेली ‘बॉइंक’ ही प्रणाली आजही अनेक प्रकल्पांचा आधार आहे. प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करणाऱ्या ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’चा प्रारंभ २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. २०२० मध्ये करोनाच्या साथीत लाखो लोकांनी त्याला आपले संगणक उपलब्ध करून दिले.

लॅपटॉपची अडचण

या दानात लॅपटॉपधारकासमोर एक अडचण उभी राहते. लॅपटॉपची बांधणी थोड्या वेळाच्या जोरकस कामाला आणि त्यानंतरच्या विसाव्याला अनुकूल असते. वितरित संगणनात मात्र प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण क्षमतेने राबतो. चपट्या पेटीतील छोटा पंखा आणि उष्णता वाहून नेणारी तांब्याची बारीक नळी यांवर सारा भार पडतो.

तापमान मर्यादेजवळ पोहोचले की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. अनेक प्रोसेसरांसाठी ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही उष्णता आवरली नाही, तर यंत्र बंद पडते. त्यामुळे प्रोसेसर सहसा लगेच जळत नाही. पण पंख्याची झीज होते आणि उष्णतावाहक लेप लवकर सुकतो. सर्वाधिक हानी लिथियम-आयन बॅटरीची होते. पूर्ण भारित अवस्थेत सतत उष्णता सोसावी लागल्यास तिची धारणक्षमता झपाट्याने घटते.

वेग थोडा, लाभ मोठा

प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग कमी केला की दाबही कमी पुरतो. समजा, वेग २० टक्क्यांनी आणि दाब १० टक्क्यांनी घटवला, तर गणनेसाठी लागणारी वीज सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होते. कामाला मात्र साधारण चतुर्थांश वेळच अधिक लागतो. थोडी गती सोडून बरीच उष्णता वाचवणे, हेच या प्रश्नाचे मर्म होय.

विंडोज प्रणालीत पॉवर ऑप्शन्समधील ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ टक्के ठेवल्यास अनेक प्रोसेसरांचा ‘टर्बो’ वेग बंद होतो आणि तापमान लक्षणीय उतरते. जेथे हा पर्याय दिसत नाही, तेथे उत्पादकाने दिलेली शांत कार्यपद्धती निवडावी.

बॉइंकमध्ये दोन स्वतंत्र मर्यादा घालता येतात. एक किती कोअर वापरायचे याची, तर दुसरी प्रोसेसरचा किती टक्के वेळ घ्यायचा याची. दुसऱ्या पर्यायात काम क्षणभर चालते, क्षणभर थांबते. त्यामुळे तापमान खालीवर होत राहते. म्हणून प्रथम निम्मे कोअर द्यावेत. मात्र टर्बो चालू असेल, तर उरलेले कोअर अधिक वेगाने धावतात. यास्तव दोन्ही उपाय एकत्र योजणे हितावह ठरते. बॅटरीवर चालताना आणि संगणक वापरात असताना काम थांबवण्याचीही सोय बॉइंकमध्ये आहे.

हवा, धूळ आणि ऋतू

लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवून हे काम करू नये. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हवा आत घेण्याच्या फटी तळाशी असतात व त्या कापडाने बुजतात. मागील बाजू दोन बोटे उचलून टणक पृष्ठभागावर ठेवली, तरी फरक जाणवतो. झरोक्यातील धूळ ठरावीक काळाने साफ करावी. खोली जितकी तापलेली, तितका प्रोसेसरही तापतो. त्यामुळे वैशाखातल्या दुपारी काम थांबवून ते पहाटेच्या वेळेवर ठेवणे शहाणपणाचे आहे. यंत्र सतत विजेवर असेल आणि सोय उपलब्ध असेल, तर बॅटरीचे भारण ८० टक्क्यांपर्यंत मर्यादित करावे.

तापमान दाखवणारे साधन बसवून पहिला तासभर लक्ष ठेवावे. आकडा ८० अंशांच्या आत स्थिरावला, तर मांडणी योग्य समजावी. तो ९० च्या पुढे जात असेल, तर एखादा कोअर कमी करावा. विजेचा हिशेबही पाहावा. ४० वॅट जादा वीज रोज दहा तास खर्च झाल्यास महिन्याला १२ युनिटांची भर पडते. कार्यालयाचा लॅपटॉप असल्यास परवानगी अनिवार्य आहे.

अस्थिर संगणक चुकीचे उत्तरही देऊ शकतो. त्यामुळेच अनेक प्रकल्प एकच तुकडा दोन संगणकांकडे पाठवून उत्तरे ताडून पाहतात. ती जुळली नाहीत, तर तिसऱ्या संगणकाचा वेळ खर्ची पडतो. म्हणूनच अतिवेगाने धापा टाकणाऱ्या यंत्रापेक्षा मंद गतीने, पण वर्षानुवर्षे अचूक काम करणारा लॅपटॉप विज्ञानाला अधिक उपयोगी पडतो.