पाचशे माणसांमागे एक फोन

लालबाग म्हटले की गिरण्या, चाळी आणि गणपती डोळ्यांपुढे येतात. दूरसंचाराच्या इतिहासात या वस्तीचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण ‘सर्वांपर्यंत इंटरनेट’ नेण्याचे सरकारी प्रयत्न समजून घ्यायचे तर लालबाग पाहणे उपयोगाचे आहे, असे आम्हांला वाटते. वस्तीपर्यंत तार पोचणे आणि माणसापर्यंत सेवा पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे चटकन कळते.

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले ते १८८२ मध्ये. ही सेवा खासगी कंपनीची होती. सरकारने ती १९४३ मध्ये ताब्यात घेतली. १ एप्रिल १९८६ पासून मुंबई आणि दिल्लीचे टेलिफोन ‘महानगर टेलिफोन निगम’ या सरकारी कंपनीकडे आले. तरीही फोन ही दुर्मिळ वस्तूच राहिली. अर्ज केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. चाळीत एखाद्याकडे किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात फोन असे. बाकीची मंडळी तोच नंबर आपला म्हणून देत आणि त्यापुढे ‘पी. पी.’ असे लिहीत. फोन आला की गॅलरीतून हाक जाई. जोडणी एकाची, उपयोग अनेकांचा, अशी ही व्यवस्था लोकांनी आपली आपणच लावून घेतली होती.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने याच व्यवस्थेला सरकारी रूप दिले. १९९७ पर्यंत मागेल त्याला फोन मिळावा, आणि शहरांत दर ५०० माणसांमागे एक सार्वजनिक टेलिफोन असावा, असे त्यात ठरले. हिशेब करून पाहू. चाळीत ८० खोल्या आणि खोलीत सहा माणसे धरली, तर माणसे झाली ४८०. म्हणजे साधारण एका चाळीमागे एक फोन. पुढे १९९९ च्या धोरणात सरकारनेच नोंदवले, की आधीच्या धोरणाची उद्दिष्टे अपुरी राहिली. पण शहरांत दर ५२२ माणसांमागे एक सार्वजनिक फोन झाला होता. सामाईक फोनचे उद्दिष्ट जवळजवळ गाठले गेले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पुढे ऑक्टोबर २००४ मध्ये ब्रॉडबँड धोरण आले. सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेग असेल, तर त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणायचे, असे त्यात ठरले. २००५ च्या आरंभी महानगर टेलिफोन निगमाने फोनच्याच तांब्याच्या तारेवरून ही सेवा सुरू केली.

एकाच तारेवर हे कसे जमते? फोनवरच्या बोलण्याला सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पुरतो. त्यावरचा, सुमारे ११ लाख हर्ट्‌झपर्यंतचा पट्टा मोकळा असतो. त्यातून माहिती पाठवता येते. अडचण एकच. वारंवारता जितकी जास्त, तितका संकेत तांब्याच्या तारेत लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरपलीकडे ही युक्ती फारशी चालत नाही. विरळ वस्तीच्या खेड्यात म्हणूनच ती अवघड होती. दाट वस्तीच्या शहराला मात्र ती मानवणारी होती, कारण तिथे घरे आणि एक्स्चेंज यांतले अंतर थोडे असते.

म्हणजे लालबागमध्ये विज्ञान आड येत नव्हते. आड येत होते ते महिन्याचे बिल, संगणकाची किंमत आणि तो ठेवायला लागणारी जागा. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील हजारो घरांची बांधलेली मिळकत गेली होती, हेही विसरता येत नाही. देशभराचे चित्र याहून फार निराळे नव्हते. २०१० अखेर दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य होते. प्रत्यक्षात सुमारे १ कोटी १० लाख झाले.

सरकारी पैसा कोठे गेला? टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातील वाट्यातून २००२ पासून एक सार्वत्रिक सेवा निधी उभा राहिला. तो ग्रामीण आणि दुर्गम भागांसाठी होता. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर झाली. पुढे तिचेच नाव ‘भारतनेट’ झाले. खेड्यांची गरज खरी होती, यात शंका नाही. परंतु शहरात उणीव नाहीच, असे त्यामुळे आपोआप गृहीत धरले गेले. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारने मुंबईत ५०० ठिकाणी सार्वजनिक वायफाय सुरू केले. तो अपवाद.

२०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा तो पुन्हा उघडा पडला. घरात स्मार्टफोन एक, शिकणारी मुले दोन-तीन, आणि फोनचा मालक कामावर. अशा घराची नोंद सरकारी आकडेवारीत मात्र ‘जोडलेले’ अशीच होते. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ मालिका दाखवली गेली. आधार घ्यावा लागला तो जुन्या दूरदर्शनचा.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम-वाणी’ योजना मंजूर केली. तिच्यानुसार कोणताही लहान दुकानदार परवाना किंवा शुल्क न भरता आपल्या दुकानातून वायफाय देऊ शकतो. कल्पना उघडच जुन्या पीसीओची आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. सार्वत्रिक सेवा निधीला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात. सेवेपासून वंचित ग्रामीण आणि दुर्गम भागांबरोबर तशाच शहरी भागांसाठीही तो वापरता येईल, असे कायदा सांगतो. शहराच्या मध्यावरही वंचित वस्ती असू शकते, ही गोष्ट त्यामुळे प्रथमच कायद्यात आली. निधी तिथे किती पोचतो, हे पाहावे लागेल.

शिक्षकांना एक पाहणी सुचवतो. ‘घरी इंटरनेट आहे का?’ असे मुलांना विचारू नये. घरात उपकरणे किती, माणसे किती, आणि अभ्यासासाठी फोन दिवसातून किती वेळ, कोणत्या वेळी हातात येतो, हे नावे न लिहिता कागदावर मागवावे. मुलांनीच वर्गाची सरासरी काढावी. मग सरासरीपेक्षा कमी वेळ मिळणारे किती, तेही मोजावे. १९९४ मध्ये सरकार माणसांमागे फोन मोजत होते. तसाच हिशेब इंटरनेटचा मांडला तर उत्तर काय येते, ते आपल्याच वर्गात दिसेल.